आईची नळी आणि तुमची रविवार पुरवणी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कॅथलिकांच्या सद्सद्विवेकबुद्धीवरचा आपला रविवारचा लेख मी सोमवारी वाचला. वाचला म्हणजे, वाडीतल्या एका नात्यातल्या बाईंनी सकाळी सकाळी ओट्यावर येऊन तो मला वाचून दाखवला. दोन ओळींखाली लाल पेनाने रेघा मारून आणल्या होत्या. कॅथलिक माणसाला जगण्यामरण्याच्या बाबतीत स्वतःचं मत नसतं, फादर सांगतील ते त्याने करायचं, आणि व्हेंटिलेटर नाकारणं म्हणजे चर्चच्या लेखी पापच, अशा अर्थाच्या त्या ओळी. वाचून झाल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, ‘‘बघ हो, पेपरातही आलंय.’’

त्यातल्या ‘ही’चा अर्थ आपल्याला कळायचा नाही, म्हणून सांगते.

२०१९च्या पावसाळ्यात माझी आई हॉस्पिटलात होती. वय ८४, दोन्ही किडन्या गेलेल्या, दोनदा व्हेंटिलेटरवर जाऊन आलेली. तिसऱ्यांदा नळी घालायची वेळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत काय ते सांगा. धाकटा भाऊ कुवेतहून फोनवर ओरडत होता. थोरला काहीच बोलत नव्हता. (तो माझ्याशी आजही बोलत नाही, असो.) आईला आजाऱ्यांच्या संस्काराचं तेल लावायला फादर आले, त्यांना मी कॉरिडॉरमध्येच गाठलं. म्हटलं, फादर, तुम्ही सांगाल तसं करतो.

लेखकमहाशयांच्या हिशेबाने फादरांनी तिथल्या तिथे हुकूम सोडायला हवा होता. त्यांनी भिजलेला रेनकोट बाकड्याच्या पाठीवर टाकला, खाली बसले आणि म्हणाले, ‘‘मी नाही सांगणार. मी सांगितलं तर उद्या सगळं माझ्या माथ्यावर टाकून मोकळ्या व्हाल.’’ मग एकेक विचारायला लागले. नळी घालून ती बरी होणार आहे, की नुसतं मरण लांबणार आहे? शुद्धीत असताना ती स्वतः काय म्हणाली होती? पाणी, दुखण्यावरचं औषध, अंग पुसणं, कूस बदलणं, हे घरी होईल ना? ते मात्र सोडायचं नाही. आणि शेवटी, माझ्याकडे न बघता, ‘‘तुम्ही दमलात म्हणून तर हे नाही ना?’’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांकडे आहे, आधी ते विचारून या, प्रार्थना मग करू, असं म्हणून त्यांनी मला परत आत पाठवलं.

आई काय म्हणाली होती ते मला पाठ होतं. दुसऱ्यांदा नळी काढल्यावर घोगऱ्या आवाजात म्हणाली होती, ‘‘परत ते तोंडात घालू नका. मला माझ्या खाटेवर न्या.’’ आपल्या जबाबदारीवर नेतो, असं मी लिहून दिलं आणि सही केली. घरी आणल्यावर अकराव्या दिवशी ती गेली. फादरांच्या शेवटच्या प्रश्नाला मी अजून छातीठोक ‘नाही’ म्हणू शकत नाही. दमले तर होतेच.

यातलं काही फादरांच्या पदरचं नव्हतं. पोप बारावे पायस १९५७ साली भूलतज्ज्ञांसमोर हेच सांगून गेले. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. १९९२च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणुकीच्या अधिकृत पुस्तकात, २२७८ क्रमांकाचा परिच्छेद आहे. फार जाचक किंवा फायद्याच्या मानाने अवाजवी झालेले उपचार थांबवता येतात. तिथे मरण घडवायचं नसतं, ते आपल्याला अडवता येत नाही एवढं मान्य करायचं असतं. निर्णय रुग्णाचा, त्याला जमत नसेल तर कायद्याने ज्यांचा अधिकार त्यांचा. फादरांचं नाव त्या परिच्छेदात कुठे सापडलं तर लेखकमहाशयांनी मला कळवावं.

बरं, लेखाच्या उत्तरार्धात लेखकमहाशयांनी एकदम कोलांटी मारली आहे. पोप फ्रान्सिस आले आणि कॅथलिकांना ‘आतल्या आवाजा’प्रमाणे वागायची मोकळीक मिळाली म्हणे! पोप फ्रान्सिस यांच्या २०१६च्या ‘अमोरिस लेटिशिया’ या दस्तऐवजात, चर्चचं काम लोकांची सद्सद्विवेकबुद्धी घडवायचं आहे, तिची जागा घ्यायचं नाही, असं आहे. घडवायची म्हणजे ती आपोआप येत नाही. मराठीत इतका धडधडीत शब्द आहे, त्यात विवेक आहे, बुद्धी आहे, आणि लेखभर धरून बसलेत काय, तर आतला आवाज. माझा आतला आवाज उपवासकाळातल्या शुक्रवारीही मटण आण म्हणतो. मनाला वाटलं म्हणून केलं, एवढं सांगून कन्फेशनमधून, म्हणजे फादरांपुढच्या पापकबुलीतून, उठता येत नाही, साहेब. चौकशी का केली नाहीस, ते आधी विचारतात.

खुलासा छापलात तर त्या बाईंना वाचून दाखवीन, लाल पेन माझ्याकडेही आहे.

जाता जाता आणखी एक. लेख आमच्या वसईकडच्या लोकांवर आणि फोटो पणजीच्या पांढऱ्या पायऱ्यांच्या चर्चचा. नाताळातही तोच होता. पापडीला चर्च आहे, रमेदीला आहे. फोटोग्राफरला स्टेशनपासून रिक्षाचे पैसे लागत असतील तर मी देते.

कळावे,
एक वाचक, वसई