मुक्ताला, मिरजेहून

मिरज,
शुक्रवार रात्र

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

राणी चन्नम्मा एक्सप्रेस हलली तेव्हा तू हात केलास, पण तोंड वळवूनच. भांडण अर्धवट राहिलं. फोनवर बोलायला गेलो तर तुझाही आवाज चढेल आणि माझाही, आणि आई शेजारीच बसलेली असते. म्हणून लिहितोय. आदित्यने वाचलं तरी हरकत नाही, त्याला सगळं माहीतच आहे.

आधी एक काम. तुझ्या खोलीत कपाटावर कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची, रोसुव्हास्टॅटिनची, स्ट्रिप राहिली. लसणाची चटणी आणि भडंगाबरोबर कुरिअरने पाठवतोय. एकच गोळी काढलेली दिसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची तारीख मी बघितली होती, त्यामुळे हिशेब आपोआप झाला. पण हे पत्र गोळीबद्दल नाही. गोळीबद्दल जे बोलायचं ते गौरी जेवल्या त्या दिवशी बोलून झालं.

तुझ्या त्या रिपोर्टबद्दल लिहायचं आहे. अल्झायमरचा, म्हणजे विसरण्याच्या आजाराचा, धोका सांगणाऱ्या जनुकाची तपासणी: एपीओई, ई४/ई४, म्हणजे धोक्याच्या ई४ प्रकाराच्या दोन प्रती. तू मोबाइलवर पाठवलास तेव्हा मी आधी नाव बघितलं, मग वय, मग नमुना घेतल्याची तारीख. जन्माची सवय. बहुतेक घोटाळे मशीनमध्ये होत नाहीत, लेबलावर होतात. खरं सांगू? घोटाळा असावा असं वाटत होतं. नव्हता.

मग गणित केलं. दोन ई४ म्हणजे एक माझ्याकडून आणि एक आईकडून, दुसरी वाटच नाही. तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही दोघंही टेस्ट करून घ्या," आणि मी भडकलो. अगं, आमचा निम्मा रिपोर्ट तुझ्याच कागदात आला की. उरलेला निम्मा मला नको आहे. जेम्स वॉटसन, डीएनएची रचना शोधणाऱ्यांतला, त्याने स्वतःचा अख्खा जीनोम जगासमोर ठेवला आणि नेमकं हेच जनुक झाकायला लावलं. तो नोबेलवाला. मी मिरजेचा डीएमएलटी, लॅब टेक्निशियन. मला एवढी सूट असू दे.

आईला हे गणित सांगितलेलं नाही. तिला इतकंच ठाऊक आहे की माझ्या आईचं, माईचं, विसरण्याचं दुखणं मुक्ताला होण्याची शक्यता जास्त आहे. ती लगेच म्हणाली, "तुमच्याकडचं." मी हो म्हणालो. तूही तसंच राहू दे.

तुला माई आठवते ती खाटेवरची. मला आठवते ती सूप घेऊन बसलेली. तांदूळ निवडताना हात पूर्वीसारखाच सराईत चालायचा, पाखडणं, वेचणं, सगळं जसंच्या तसं. फक्त खडे ताटात जमायचे आणि तांदूळ अंगणात जायचे. आई रात्री ते सगळं पुन्हा निवडायची आणि सकाळी माईपुढे तेच सूप ठेवायची, कारण हात रिकामे राहिले की माई कडी काढून कृष्णाघाटाच्या रस्त्याला लागायची. मला ती दादा म्हणायची. तिचा दादा कुरुंदवाडच्या पुरात गेला होता, तुझ्या आजोबांच्याही आधी. माई तेव्हा एकाहत्तरची होती. मी आता अडुसष्टचा आहे, हे तू भांडताना काढलंस. काढायला नको होतंस, पण चूक काही नव्हतं त्यात.

हल्ली रात्री पडल्यापडल्या मी फ्रीडवाल्डचं सूत्र म्हणतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा, ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, पाचवा हिस्सा वजा, उरेल तो एलडीएल, वाईट कोलेस्टेरॉल. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की सूत्र चालत नाही. येतं अजून. काल तुझेच आकडे घातले: २६२, ४८, १५०. उत्तर १८४. तुझ्या लॅबनेही १८४ च दिलंय.

१८४, मुक्ता. अडतिसाव्या वर्षी.

तू दुसरीत होतीस तेव्हा शनिवारी शाळा सुटली की थेट लॅबवर यायचीस. सेंट्रिफ्यूज थांबलं की झाकण उघडायचा मान तुझा. एकदा एका पेढेवाल्याचं सीरम निघालं ते दुधासारखं पांढरंशुभ्र. "बाबा, यांच्या रक्तात पेढे उतरलेत," म्हणालीस, आणि बाहेर बाकावर तो बिचारा उपाशीपोटी बसलेला. ते ट्रायग्लिसराइड. ते डोळ्यांना दिसतं. नुसतं कोलेस्टेरॉल वाढलेलं असतं तेव्हा सीरम स्वच्छच असतं, पिवळसर, आरपार दिसणारं. ट्यूब उजेडात धरून शपथेवर सांगशील की माणूस ठणठणीत आहे. "मला तर काहीच त्रास होत नाही," हे तुझं वाक्य मी आयुष्यभर काउंटरपलीकडून ऐकत आलोय.

अण्णांनाही काही त्रास नव्हता. कांदेपोह्यांना गेलो होतो, १९८४ साली. मुलगी पोहे घेऊन येण्याआधी माझी नजर अण्णांच्या पापण्यांवर गेली. नाकाकडच्या कोपऱ्यांत पिवळट, किंचित उचललेले चट्टे. मिशन हॉस्पिटलमध्ये शिकताना सरांनी असे चट्टे दाखवले होते, हे दिसले की लिपिडची (कोलेस्टेरॉलची) तपासणी करा म्हणून. पण होणाऱ्या सासऱ्याला कसं सांगणार? पोहे खाल्ले आणि होकार दिला. अण्णा चोपन्नाव्या वर्षी गेले, पाडव्याला गुढी उभारून स्टुलावरून उतरताना. तेव्हा त्यांना द्यायला फारसं काही नव्हतंही. पहिलं स्टॅटिन, तुझ्या गोळीच्या जातीतलं औषध, अमेरिकेत बाजारात आलं १९८७ साली, म्हणजे तुझ्याच जन्मसाली. जपानमध्ये अकिरा एंडो नावाच्या माणसाने बुरशी तपासता तपासता ही जात शोधून काढली. आज ते औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि तू ते कपाटावर विसरतेस.

पुन्हा गोळीवरच आलो. पण आलोच आहे तर नीट ऐक.

तू म्हणतेस, मेंदू कोलेस्टेरॉलचा बनलाय, मग ते कमी कशाला करायचं? अर्धं बरोबर आहे. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेल्या मेंदूत सगळ्या कोलेस्टेरॉलचा पाचवा हिस्सा तरी असतो. पण मेंदू आपलं कोलेस्टेरॉल आपणच बनवतो. रक्तातलं त्याच्या दारातून आत जात नाही. रिपोर्टवरचे १८४ मेंदूच्या उपयोगाचे नाहीत, ते धमन्यांच्या भिंतीत बसतात. एपीओई हे हमालाचं काम करणारं प्रथिन आहे, रक्तात वेगळं, मेंदूत वेगळं. त्याचं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर. ई२, ई३, ई४ असे तीन प्रकार, आणि ई४वाल्यांचा एलडीएल मुळातच चढा राहतो. म्हणजे तुझे हे दोन रिपोर्ट वेगळे नाहीत. एकाच हमालाचे दोन पत्ते आहेत. फरक इतकाच की एका पत्त्यावर आज काही करता येतं.

स्टॅटिनने विसरायला होतं असं तू वाचलंस. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, गोळीच्या माहितीत तशी ओळ घातली, खरं आहे. पण त्याच ओळीत हेही होतं की हा त्रास सहसा गंभीर नसतो आणि गोळी थांबवली की जातो. ब्रिटनमध्ये वीस हजारांवर लोकांना वर्षानुवर्षे एक तर स्टॅटिन किंवा खोटी गोळी दिली होती, हार्ट प्रोटेक्शन स्टडी म्हणतात त्याला. बुद्धीच्या चाचणीत दोन्ही गटांत फरक निघाला नाही. मी एकच बाजू सांगतोय असं म्हणू नकोस. स्टॅटिनने डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, टळतो असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. हार्ट अटॅक आणि पक्षाघात कमी होतात, ते सिद्ध आहे. मांड्या दुखत असतील तर तसं सांग, सीपीके (स्नायूंची रक्ततपासणी) करू, डोस बदलता येतो, गोळी बदलता येते. आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांग, तेव्हा बहुतेकदा थांबवतात ही गोळी. (हे आईने लिहायला लावलेलं नाही, माझं मीच लिहितोय.) पण काहीच न सांगता परस्पर बंद करायची नाही. हे वागणं शिकलेल्या माणसाचं नव्हे.

शेवटचं वाक्य जास्त झालं. खोडलं असतं, पण खोडलेलं तू उजेडात धरून वाचतेस, लहानपणापासूनची खोड. राग मानू नकोस. घाबरलो की मी असाच बोलतो.

कारण दोन ई४वाल्यांवरचा तो २०२४ चा अभ्यास मीही वाचला. तू त्या रात्री जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ग्राफ समजावलास ना, हा अक्ष वयाचा, ही रेष दोन ई४वाल्यांची, तेव्हा मी तोंडाने भांडत होतो आणि मनात म्हणत होतो की आपली पोरगी काय बोलते! चौधरी सरांनी ऐकायला हवं होतं. मग तू म्हणालीस की पासष्टीपर्यंत यांच्यातल्या जवळजवळ सगळ्यांत अमायलॉइड, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन, सापडतं, आणि लॅपटॉप मिटलास. मी उठून पाणी प्यायला गेलो. बोलण्यासारखं काही सुचलं नाही. आता सुचतंय ते असं: अमायलॉइड सापडणं आणि माणूस विसरायला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ते लोक बहुतेक युरोपीय वंशाचे होते. हरियाणात बल्लभगडला खेड्यांतल्या म्हाताऱ्यांवर मोठा अभ्यास झाला. तिथे अल्झायमर पेनसिल्व्हेनियातल्या लोकांपेक्षा पुष्कळ कमी निघाला. ज्यांच्याकडे ई४ होतं त्यांचा धोका तिथेही इतरांपेक्षा जास्तच होता, हे लपवत नाही. पुस्तकात एका ई४ ला साधारण तीनपट लिहितात, दोनांना आठ ते बारापट. कशाच्या पट, ते बघायला हवं. आपल्याकडे मूळ आकडाच लहान असेल तर पटीही त्याच्याच.

तुझ्या ओवीला एक ई४ नक्की आहे. तुझ्याकडे द्यायला दुसरं नव्हतंच. हे तुला कळलंय, म्हणूनच तू आरतीला मागे भिंतीला टेकून उभी होतीस, मी बघत होतो. पण तिची थुंकी कुठल्याही नळीत जाता कामा नये. मोठेपणी येणाऱ्या दुखण्यांसाठी लहान मुलांची जनुकं तपासायची नाहीत, जगभर हाच शिरस्ता आहे आणि चांगला आहे. मोठी झाली की ठरवेल. तोवर तिला पोहायला घाल, आणि रोज ते चीज घातलेलं सँडविच डब्यात देऊ नकोस. नको, हे राहू दे. तुझा डबा आहे.

आता एक सौदा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता किंवा लांबवता येण्यासारखी चौदा कारणं दिली. मध्यम वयात वाढलेला एलडीएल त्यात त्या वर्षी नव्याने आला, उतारवयात अधू झालेली नजरही. पण कमी ऐकू येणं आधीपासूनच आहे, हे तू दोन वर्षं माझ्या कानीकपाळी ओरडत होतीस. मला अर्धंच ऐकू येत होतं, तो भाग वेगळा. तू आणलेलं कानाचं यंत्र लोखंडी कपाटात आईच्या शालूखाली होतं. आज सकाळी काढून लावलं. कुकरची शिट्टी भयंकर आहे. आई दिवसभर स्वतःशी बोलत असते हे मला माहीतच नव्हतं, आणि त्यातलं निम्मं माझ्याबद्दल आहे. तरी मी ते काढणार नाही. तू रात्री जेवणानंतर एक गोळी घ्यायची, मी सकाळी उठल्यावर यंत्र लावायचं. तू थांबवलीस की मी काढलं. आदित्यला साक्षीदार धर.

सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा लिपिड कर. लॅब एकच ठेव, दर वेळी स्वस्त पॅकेज बघून बदलू नकोस. सोबत लायपोप्रोटीन (ए), कोलेस्टेरॉल वाहणारा आणखी एक कण, त्याची तपासणी एकदा करून घे. ते आयुष्यात एकदा केलं की पुरतं, अनुवंशिकच असतं, आणि अण्णांचं बघता करायलाच हवं. रिपोर्टचा फोटो पाठवू नकोस, फोन करून आकडे सांग. आता ऐकू येतं.

आदित्यला आशीर्वाद, ओवीला पापा. आई पलीकडच्या खोलीतून विचारतेय की एवढं काय लिहिताय. भडंगाची पाककृती, असं सांगितलंय.

तुझा,
बाबा

ता.क. टीएसएच केलंस का? थायरॉइड मंदावलं की एलडीएल चढतो, आणि तुझ्या आत्याला आहे. लिपिडच्याच दिवशी रक्त दे, दोनदा टोचून घ्यायला नको. आणि सुई लावताना तोंड फिरवायचं, तुला अजून भोवळ येते.