सिस्टर, त्या रिमोटबद्दल

सिस्टर,

पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात दुखणं हलकं करण्याच्या तुमच्या घरभेटीचं आम्ही शूटिंग करत होतो, तेव्हा खाटेवरच्या आजोबांच्या अंगठ्याखाली तुम्ही कॅमेऱ्याचा रिमोट ठेवलात, त्यासाठी हे पत्र. बटण हाताला कळावं म्हणून त्यावर मायक्रोपोर चिकटपट्टीचा तुकडा चिकटवलात, "दाबून बघा" म्हणालात, अंगठ्यात तेवढा जोर आहे ना ते पाहिलंत आणि मगच ड्रेसिंगचा ट्रे उघडलात. शूटिंग कधी थांबवायचं ते खाटेवरच्या माणसाने ठरवायचं, आणि का थांबवलं हे कुणी विचारायचं नाही. संमतीपत्रावर एकदा घेतलेल्या सहीत हे बसत नाही.

अशा घरांत याआधीही कॅमेरे येऊन गेलेत. खाटेच्या पायथ्याशी उंच स्टँड, समोर खिडकी म्हणून चेहरा काळा, वर पंखा म्हणून आवाजाची नुसती घरघर. काम झालं की पुन्हा तोंड दाखवलं नाही. टिपलेलं घरच्यांना दाखवलं नाही, सिस्टरांना तर नाहीच. ज्यांचं काम टिपलं त्यांनीच ते बघून बोलायचं, हा व्हिडिओ-रिफ्लेक्झिव्ह एथ्नोग्राफी या अभ्यासपद्धतीचा गाभा. तो वगळला की उरते फक्त टेहळणी.

तुम्ही स्टँड उशीच्या उंचीला आणायला लावलात, खिडकी कॅमेऱ्याच्या पाठीशी घेतलीत आणि सूनबाईंना विचारून कॉलर माइक फाटकापर्यंत तसाच ठेवलात. म्हणून उंबरठ्यावरचं बोलणं मिळालं. खाटेजवळ सगळे "बरं आहे" म्हणतात. खरा प्रश्न तुम्ही चपला घालताना येतो, दबक्या आवाजात: "मॉर्फिनची सवय लागेल का हो?" याच भीतीने चार तासांनी द्यायची गोळी दुखणं असह्य होईपर्यंत लांबवली जाते, आणि मग ते आवरणं अवघड होऊन बसतं. सोबत पोट साफ होण्याचं औषध नसलं तर बद्धकोष्ठ होतं, आणि बोल पुन्हा गोळीलाच. ती तीन मिनिटांची क्लिप तुमच्या टीमने बसून पाहिली आणि दारातल्या बोलण्यासाठी वेळ राखायचं ठरवलं.

कोझिकोडला १९९३ साली सुरू झालेलं पॅलिएटिव्ह केअरचं हे काम पुढे केरळभर पसरलं, ते शेजारपाजारच्या माणसांच्या जिवावर. परक्याच्या घरात, आजाऱ्याच्या खाटेपाशी कसं वावरावं हे ज्यांना उपजत कळतं, अशी माणसं. तुम्ही त्यांतल्याच.

क्लिप पासवर्ड घालून तुमच्या ऑफिसात ठेवली आहे, चेहरे धूसर केलेत. टीमबाहेर दाखवायची तर सूनबाईंना आधी विचारू. त्या "नको" म्हणाल्या तर पुसून टाकू.