हद्द आखताना गावाला पण विचारा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

२०२७ च्या जनगणनेचा आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेचा विषय निघाला की लगेच चर्चा सुरू होते, लोकसभेच्या जागा किती वाढणार, दक्षिणेवर अन्याय होणार का, महाराष्ट्राच्या ४८ च्या किती होणार. टीव्हीवर तेवढंच चालतं. पण मतदारसंघाची हद्द कुठून जाणार यावर कोणी बोलत नाही, आणि आम्हा खान्देशवाल्यांना चटके बसलेत ते हद्दीचेच.

आमचा यावल तालुकाच बघा ना. आधी यावल नावाचा विधानसभा मतदारसंघ होता, २००८ च्या पुनर्रचनेत तो गेला, किनगावकडचा भाग चोपड्याला जोडला आणि फैजपूरकडचा रावेरला. आता तहसील एक, पंचायत समिती एक, केळीचा पीक विमा अडकला तर तालुका कृषी ऑफिसही एकच, पण आमदार दोन! काम झालं की बॅनर दोघांचे आणि नाही झालं की "तो भाग माझ्याकडे येत नाही हो भाऊ." पारोळ्याचा मतदारसंघ पण तेव्हाच गेला, एरंडोलची तर आख्खी लोकसभाच गेली.

लोकसभेला अजून गंमत. रावेरमध्ये मलकापूर आहे ते बुलढाणा जिल्ह्यातलं. धुळ्यात मालेगावच्या दोन विधानसभा जागा आणि बागलाण, तिन्ही नाशिक जिल्ह्यातल्या, आणि धुळे जिल्ह्यातले साक्री-शिरपूर मात्र नंदुरबारला. २०२४ ला धुळ्यात सहापैकी पाच ठिकाणी मागे असलेला उमेदवार एकट्या मालेगाव मध्यच्या लीडवर ३,८३१ मतांनी निवडून आला. त्यात गैर काहीच नाही, मत कुठलंही असो, मतच आहे. मला एवढंच दाखवायचंय की हीच रेघ थोडी इकडेतिकडे सरकली असती तर खासदार दुसरा असता, आणि ती रेघ आखताना धुळेकर आणि मालेगावकर दोघांनाही कोणी धड विचारलं नव्हतं.

मतदारसंघांची लोकसंख्या साधारण सारखी पाहिजे हे मान्य, शहरं वाढली, गावं रिकामी झाली, हद्दी बदलणारच. माझा आक्षेप पद्धतीवर आहे. या हद्दी ठरवणाऱ्या परिसीमन आयोगासोबत प्रत्येक राज्याचे ५ खासदार आणि ५ आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, त्यांना मतदानाचा हक्क नसतो पण बोलायला तर मिळतं, म्हणजे ज्यांची सीट त्या रेघेवर अवलंबून तेच आत आणि आपण बाहेर. फायनल ऑर्डर निघाली की तिला कायद्याचंच बळ, कोर्टात जायची सोय जवळपास नाहीच. त्यात महिला आरक्षणाचा २०२३ चा कायदाही याच पुनर्रचनेवर अडकवून ठेवलाय, त्यामुळे यावेळी पणाला लागलेलं जास्त आहे.

नव्या हद्दींचा मसुदा गॅझेटमध्ये छापायचा, जाहीर सुनावणी घ्यायची हे २००२ च्या कायद्यात होतं. पण मसुद्यात लिहिलेलं असतं अमुक महसूल मंडळ, तमुक महसूल मंडळ. आपलं गाव कुठल्या मंडळात हे बऱ्याच जणांना तलाठ्याला विचारल्याशिवाय कळत नाही, मग हरकत काय घेणार आणि कधी? सुनावणी मुंबई-नाशिकला ठेवली तर मजुरी बुडवून अक्कलकुव्याचा माणूस जाईल का? जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी ती झाली पाहिजे आणि मसुदा गावांच्या नावासकट ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागला पाहिजे.

सरकारी बोर्डाचा तसा भरवसा नाही, म्हणून तुम्हालाही एक विनंती, मसुदा आला की खान्देश आवृत्तीत तालुक्यावार गावांची यादी छापा, पुरवणीतलं एखादं राशिभविष्य कमी झालं तरी चालेल.

आपला,
एक वाचक, ता. यावल, जि. जळगाव