रोपं लावायच्या आधी पिशवीतली मुळं बघा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

दर जुलैला ठाण्यात झाडं लावायची धामधूम असते आणि दिवाळीपर्यंत त्यातली कितीतरी काटक्या होऊन उभी असतात, मग सगळे म्हणतात पाणी घातलं नाही. आमच्या मानपाड्याच्या सोसायटीने गेल्या वर्षी एका नर्सरीतून 40 रोपं आणली, बहावा, ताम्हण, करंज. त्यातली 19 मेली आणि तीही भर पावसात, ऑगस्टमध्ये, तेव्हा पाणी कमी पडलं म्हणायला जागाच नव्हती.

मी ती उपटून बघितली. मुळं तपकिरी, मऊ, दोन बोटांत धरून ओढलं की वरची साल सटकन निघून यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. लावायची राहिलेली 3 रोपं जिन्याखाली पिशवीतच होती, त्यांची पण मुळं तशीच! म्हणजे कूज आमच्या खड्ड्यात लागलीच नव्हती, ती पिशवीतूनच आली होती.

शेतकरी याला मर किंवा मूळकूज म्हणतात. आपण सगळ्यालाच बुरशी म्हणतो पण अशी कूज आणणारे पिथियम आणि फायटोफ्थोरा हे सूक्ष्मजीव खऱ्या बुरशी नाहीतच, यांचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यातून पोहत मुळापर्यंत जातात. त्यामुळे पिशव्या चिखलात टेकवून ठेवल्या, खालून पाणी साचलं की एका रोपाचा रोग शेजारच्या सगळ्यांना. कोकणात सुपारीला कोळेरोग होतो, फळं सडून गळतात, तो याच फायटोफ्थोरामुळे, बागायतदार पावसाआधीच बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) फवारतात. नर्सरीवाल्याने मात्र आम्हाला कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पुडी दिली. ते फ्युजेरियमसारख्या खऱ्या बुरशीवर चालतं, या पाण्यातल्या जातीवर नाही. यांच्यावर मेटॅलॅक्सिल हे औषध चालतं पण त्यानेही रोग बऱ्याचदा नुसता दबतो, रोप विकलं जाईपर्यंत हिरवंगार दिसतं आणि मग आपल्या दारात येऊन मरतं.

माझी भाची स्कॉटलंडमध्ये नर्सरीत आहे, ती बर्चची रोपं वाढवते, म्हणजे आपल्या हिमालयातल्या भूर्जाचे भाऊबंद. बर्चचं बी अगदी बारीक, दाट पेरलं आणि वर पाणी जास्त झालं की कोवळं रोप जमिनीलगत मऊ पडून आडवं होतं. जरा मोठं झालं की पानाखाली तांबेऱ्याची केशरी पूड, पानांवर काळपट ठिपके, आणि मुळाला हाच फायटोफ्थोरा. हवा आपल्यापेक्षा कितीतरी थंड, झाड वेगळं, पण दुखणं तेच. तिच्याकडे कुंड्या खडीवर ठेवतात, साचलेलं पाणी परत झाडांना घालत नाहीत आणि रोगट रोप दिसलं की मातीसकट बाहेर.

यातलं काहीच आपल्याकडे अवघड नाहीये. खडी आहे, एप्रिल-मेचं ऊन तर फुकट आहे. पिशवीत भरायची माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली 4 ते 6 आठवडे तापवली की बराचसा रोग त्यातच मरतो, वरून ट्रायकोडर्मा ही रोगाला रोखणारी उपयोगी बुरशी मिसळावी. जुन्या मेलेल्या रोपांच्या पिशव्यांतली माती पुन्हा वापरणं तर ताबडतोब बंदच व्हायला पाहिजे, मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिकांना कळकळीची विनंती आहे की रोपांचं टेंडर काढताना नुसती उंची लिहू नका, दर 100 रोपांमागे 5 पिशव्या फाडून मुळं बघायची अटही घाला. पांढरी, टणक मुळं असतील तरच माल घ्या. येऊरच्या पायथ्याशी, पारसिकच्या डोंगरावर रोपं लावणाऱ्या मंडळींनी पण हे बघावं, कारण ही कूज एकदा मातीत गेली की वर्षानुवर्षं तिथेच राहते आणि डोंगरावरून पाणी खाली वाहतं तशी तीही वाहते.

आमच्या त्या 19 खड्ड्यांत आम्ही अजून काही लावलेलं नाही, माती काढून उन्हात घातलीय. यंदा रोपं आणायला मी स्वतः जाणार आहे.

एक वाचक, मानपाडा, ठाणे (प.)