जानेवारीत दोघंही या

मुलुंड, मुंबई
24 नोव्हेंबर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा रात्री कळसूबाईच्या सहलीहून घरी पोचले. पोटऱ्या अजून दुखतायत, बाकी ठणठणीत आहे. शनिवारी दिवसभर माझा फोन लागला नाही म्हणून आई रात्री जेवली नाही, हे बाबांनी सांगितलं तेव्हा फार वाईट वाटलं. मी राहिले त्या गावात रेंज एकाच ठिकाणी येते, शाळेमागच्या चढावर, आणि ते मला रविवारी कळलं. चूक माझीच, निघण्याआधी सांगून ठेवायला हवं होतं. पुढच्या वेळी तसं होणार नाही, कारण पुढच्या वेळी तुम्ही दोघं माझ्यासोबत असाल. हे पत्र त्यासाठीच लिहितेय. फोनवर विषय काढला की बाबा ‘बघू’ म्हणतात आणि तो तिथेच राहतो. कागदावरचं तुम्ही दोनदा वाचाल.

कळसूबाईचं बरंचसं सांगून झालंय. बारी गावातून पहाटे पाचला निघालो, साडेआठला माथ्यावर. शिड्यांपाशी वारा इतका गार की लोखंडाला हात लावला की बोटं बधिर व्हायची. 1646 मीटर, महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. वर देवीचं एवढंसं देऊळ आहे. आई, ही कळसू म्हणजे कोळ्यांची मुलगी. लोक सांगतात, ती एका घरी कामाला राहिली ती एका अटीवर, केरवारा आणि भांडी करणार नाही. एक दिवस तिला तेच काम लावलं, तेव्हा ती उठून डोंगरावर गेली ती खाली आलीच नाही. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी पायथ्याशीही तिचं देऊळ आहे. तुला ओटी तिथे भरता येईल.

ऑफिसची मंडळी त्याच संध्याकाळी कसाऱ्याहून लोकल पकडून परतली. मी सोमवार-मंगळवारची रजा टाकली होती, म्हणून मागे राहिले, भंडारदऱ्याच्या तळ्याजवळच्या एका गावात. घर साधं, पुढे सारवलेलं अंगण, मागे नागलीची, म्हणजे आपल्या नाचणीची, कणसं वाळत घातलेली. घरच्या मावशी साधारण आईच्याच वयाच्या. मी लंगडत आत आले तसं त्यांनी काही न विचारता घमेल्यात कढत पाणी आणून ठेवलं, त्यात मूठभर मीठ टाकलं आणि म्हणाल्या, “पाय घाल, मग बोलू.” रविवारी मी अकरापर्यंत झोपले. लग्नकार्य सोडलं तर इतकं उशिरापर्यंत मला कोणी झोपू दिल्याचं आठवत नाही.

त्या दिवशी दुपारी त्यांनी शेंगोळे केले. आई, तुला नीट सांगते, कारण तू विचारणारच. हुलग्याचं पीठ. हुलगा म्हणजे आपला कुळीथ, नुसतं नाव वेगळं. लसूण, जिरं, मिरची वाटून ते पिठात घालायचं आणि घट्ट मळायचं. मग पितळेच्या ताटाला तेलाचा हात लावून त्यावर करंगळीएवढ्या लांबट वळ्या वळायच्या आणि दोन्ही टोकं जोडून कडं करायचं. मावशींचा हात असा चालायचा की एक वळी ताटावर फिरतेय तोवर दुसरी बोटांत तयार. लसणाच्या फोडणीवर पाणी घालून खळखळून उकळी आली की एकेक कडं आत सोडायचं. राहिलेलं पीठ पाण्यात कालवून ओतलं की रस्सा दाट होतो. चव तुझ्या कुळथाच्या पिठीच्या जवळची, पण तिखट जास्त आणि खाताना दाताखाली काहीतरी येतं. आपण पिठी गुरगुट्या भाताबरोबर खातो, ते शेंगोळे नुसतेच वाडगा भरून खातात.

रात्री नागलीची भाकरी. तांबूस-काळी, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, उलटली की चुलीच्या आराला उभी लावायची. ती फुगते आणि कडेला एक बारीक भेग पडून वाफ बाहेर येते. ती वाफ निघत असतानाच ती माझ्या ताटात पडली. सोबत खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणी. दुसरी भाकरी थापली जात होती आणि मी पहिली खात होते. तेव्हा एकदम मनात आलं, आईला अशी भाकरी कधी मिळालीय का?

मी खूप आठवून पाहिलं. आजीकडे गेलं तरी तू आधी चुलीपाशी. पंढरपूरला गेलो तेव्हा तू वातीचा स्टोव्ह, तांदूळ, पिठाचा डबा आणि खलबत्तासुद्धा बांधून घेतला होतास. धर्मशाळेच्या ओसरीवर बसून सगळ्यांना गरम वाढलंस आणि शेवटी स्वतः गार झालेला भात घेतलास. कोल्हापूरलाही तेच. बाहेरचं बाधतं, पैसे जातात, ही कारणं तेव्हा खरीच होती. आता नाहीत. तव्यावरून थेट तुझ्या ताटात भाकरी पडावी आणि ती थापणारे हात तुझे नसावेत, एवढं मला बघायचंय. मावशींच्या घरी आपण रीतसर पैसे देऊन राहायचं, त्यामुळे संकोचाचा प्रश्न नाही. दुसऱ्या रात्री मी त्यांनाही माझ्यासोबतच ताट घ्यायला लावलं. आधी नको नको म्हणाल्या, मग बसल्या. तू असलीस की तुमची दोघींची पंगत जमेल.

त्यांच्या माळ्यावर बियाणं आहे, मडक्यात राखेत घालून ठेवलेलं. वाल, घेवडा, दुधी, सगळं घरचं. पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या. गावोगावच्या बायांनी जपलेलं बी त्यांनी जगापुढे आणलं. तू परसात जे करतेस तेच. मावशींनी तुझ्यासाठी घेवड्याचं मूठभर बी पुडीत बांधून दिलंय.

सोमवारी तळं पाहिलं. बाबा, पेपरात ‘भंडारदरा ओव्हरफ्लो’ वाचता ना, ते हे. प्रवरेवरचं धरण 1910 साली बांधायला घेतलं आणि 1926 साली पुरं झालं. 11 टीएमसी, म्हणजे 11 अब्ज घनफूट पाणी. ते सगळं पूर्वेकडे जातं, संगमनेर, श्रीरामपूरच्या उसाला, आणि पुढे गोदावरीला. मुंबईला त्यातला थेंब येत नाही. घाटाच्या कड्यावर पाऊस पडतो तेव्हा चार पावलांच्या फरकाने पाण्याचा देश बदलतो. शहापूरकडे उतरलं तर भातसेला मिळून आपल्या नळाला, तळ्याच्या बाजूला पडलं तर थेट बंगालच्या उपसागराला.

तळ्याच्या टोकाला रतनवाडी आहे, रतनगडाच्या पायथ्याशी. तिथे अमृतेश्वराचं हजारेक वर्षांचं देऊळ. बाहेरच्या भिंतीला बोटभरही कोरी जागा नाही. जवळ दगडी पुष्करणी, तिच्या भिंतीत कोनाडे आणि कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती. मी पायरीवर बसले आणि दीड तास कसा गेला कळलं नाही. गाडी देवळाजवळपर्यंत जाते, बाबांना चालावं लागणार नाही. आणि इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगऱ्यांचं देवगाव याच तालुक्यात. 2 मे 1848 रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. त्या तुरुंगावरून आपण किती वेळा गेलो असू. हे मला तिथे जाऊन कळलं.

आता बाबा, तुमच्यासाठी.

मंगळवारी परत येताना घोटीला उतरायच्या ऐवजी गाडीवाल्याला म्हटलं, वैतरणेला घे. अप्पर वैतरणा. नकाशात जवळ दिसत होतं म्हणून गेले, पण पाणी दिसलं आणि गळा दाटून आला. नजर जाईल तिथवर पाणी, काठावर म्हशी, एक पोरगा पाण्यात ढोपरभर उभा राहून गळ टाकत होता. हात बुडवला, थंडगार. हे पाणी नदीने मध्य वैतरणा, मोडकसागर ही धरणं करत उतरतं आणि तिथून नळांतून भांडुपला येतं. भांडुपपासून पुढे ते व्हॉल्व्ह फिरवून तुम्ही सोडायचात. 31 वर्षं. पहाटे साडेतीनला खांद्यावर व्हॉल्व्हची चावी टाकून बाहेर पडायचात. पाणी कमी आलं की लोक आपलं दार वाजवायचे आणि तुम्ही बनियनवर उभे राहून शांतपणे सांगायचात, “वरूनच कमी आहे.” जून लागला की पेपरातला सात तलावांचा तक्ता आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचात. तानसा इतकं, विहार इतकं, वैतरणा इतकं. ते ‘वर’ म्हणजे काय, हे तुम्ही कधी पाहिलंच नाहीत.

काठावर बसल्या बसल्या मला तुमचा थोडा रागही आला. इतक्या वर्षांत एकदाही यावंसं वाटलं नाही? मग तुमच्या रजा कुठे गेल्या ते मोजलं. आजीचं दुखणं, माझी दहावी, ताईचं बाळंतपण. राग तिथेच सोडून आले.

तर आता ठरवू. जानेवारीचा शेवटचा आठवडा. तेव्हा नागली-भात घरात आलेला असतो, हवा कोरडी असते, रस्ते चांगले असतात. कणकवलीहून तुतारी एक्सप्रेस पकडा, ठाण्याला मी उतरवून घेईन. एक दिवस इथे विसावा, मग गाडीने चार तासांत गाव. घरात कमोड आहे, मी स्वतः पाहिलाय, आणि खोली अंगणाला लागून आहे, एकही पायरी नाही. बाबांच्या गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारलं, सपाटीला चालायला त्यांची ना नाही. थंडी मात्र आहे, कानटोपी आणि गुडघ्याचे लोकरी पट्टे लागतील. तीन रात्री तळ्याशी राहू आणि परतताना वैतरणा. बाबांनी तिथे हवं तितका वेळ बसावं, मला घाई नाही. तळ्याजवळच्या शेंडी गावच्या बाजारात तळलेले मासे मिळतात. गोड्या पाण्यातला मासा तुम्हाला रुचत नाही हे ठाऊक आहे, पण एकदा खाऊन बघा.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणून उत्तर या आठवड्यात हवं. ‘बघू’ चालणार नाही.

येताना मावशींसाठी अर्धा किलो आमसुलं आणा, मी कबूल केलंय. जमलं तर आपल्या उकड्या तांदळाची एक पिशवीही. आणि आई, स्टोव्ह आणायचा नाही.

तुमची,
बाय