दिवे न लावल्याबद्दल आभार

वायरमन मामा,

सप्रेम नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत पिशवी उचलता आणि गाडीला किक मारता. म्हणून हे उघड पत्र. परभणीतल्या आमच्या अभ्यासिकेच्या आवारात आज दिवे आहेत, ते सगळ्यांना दिसतंच. मला आभार मानायचे आहेत ते पहिल्या संध्याकाळचे, जेव्हा तुम्ही दिवे लावायला साफ नकार दिलात.

तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. भरतीच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरी रात्री उशिरापर्यंत बसतात आणि फाटकापर्यंतची वाट मिट्ट काळोखात. उन्हाळ्यात पाइपलाइनसाठी जेसीबी फिरला होता आणि मृगाचा पाऊस पडल्यापासून आरसीसीबी (करंट कुठे गळला की वीज आपोआप तोडणारा बोर्डातला स्विच) सारखी पडत, म्हणजे बंद होत होती. तुमच्याआधी एक जण येऊन सांगून गेले होते, "ती आरसीसीबीच नाजूक हाय ताई, काढून डायरेक्ट करून टाका." तुम्हालाही मी तेच म्हणाले, आजच्यापुरतं लावून द्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, "देतो की. पण खांबाला कुणी हात लावायचा नाही अशी पाटी तुम्ही लिहा, अन् खाली सही करा."

मी सही केली नाही. पोरी काही दिवस मोबाइलच्या उजेडात गेल्या, थोडी कुरकुर झाली, बास.

आमचं कोडं असं होतं की बाहेरच्या दिव्यांचा एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की पडणारा स्विच) बंद ठेवला तरी आतले पंखे चालू असताना आरसीसीबी पडायची. मग दोष बाहेर कसा? जुना एमसीबी फक्त फेज (करंट आणणारी तार) तोडतो, न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) जोडलेलीच राहते, हे तुम्ही बोर्ड उघडून दाखवलंत. बाहेर ओल्या मातीत न्यूट्रल जमिनीला टेकली की पंख्यांचा परतीचा थोडा करंट तिकडून निघून जातो. गेलेल्या आणि आलेल्या करंटचा हिशेब जुळला नाही की आरसीसीबी पडणारच. 30 मिलिअँपिअरच्या तफावतीला तिने पडायचंच असतं. म्हणजे ती नाजूक नव्हती, इमानदार होती.

तुमचं काम पाहणं हा एक धडाच होता. आधी मेन पाडलात, बाहेरच्या लाइनच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही बोर्डातून सोडवल्या, बोर्डाला कुलूप लावलंत आणि चावी स्वतःच्या खिशात. पेचकसासारखा टेस्टर आमच्याकडेही होता, त्याला तुम्ही हातही लावला नाही. मीटर आधी शेजारच्या घरातल्या चालू सॉकेटवर तपासलंत, मग आमच्या बंद लाइनवर, मग परत त्याच सॉकेटवर. मधल्या वेळात मीटरच बिघडला तर बंद लाइन आणि मेलेला मीटर यांत फरक कळत नाही, हे त्यामागचं कारण.

मेगर, म्हणजे तारेचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावण्याआधी प्रत्येक खांबावरचा दिवा आणि संध्याकाळी आपोआप दिवे लावणारा सेन्सर सोडवलात. मेगरचे 500 व्होल्ट एलईडीच्या ड्रायव्हरला, म्हणजे दिव्याच्या आतल्या सर्किटला, सोसत नाहीत. मेगरवरचा आकडा किमान 1 मेगओहम तरी हवा होता. न्यूट्रल आणि अर्थची तार (जमिनीला जोडलेली सुरक्षेची तार) यांच्यातला आमचा आकडा जवळपास शून्य. मग मधल्या खांबात लाइन तोडून दोन तुकडे केलेत, कुठला तुकडा खराब ते पाहिलंत, खराब तुकड्याचे परत दोन. दुसरा कुणी असता तर सगळं आवार उकरलं असतं. आम्ही दोन खांबांमधलं तेवढंच उकरलं, तेही खुरप्यानं.

खाली निघालं ते पाहून पोरी हसल्या, मला काही हसू आलं नाही. पिळलेल्या तारा, वर काळी चिकटपट्टी, त्यावर कॅरीबॅग आणि सुतळी. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते; असला जोड ती दर वर्षी ओढते आणि ढकलते. जेसीबीच्या दातानं शेजारीच केबल सोलली होती आणि अर्थची तार पार तुटली होती. म्हणजे त्यापुढच्या लोखंडी खांबांना अर्थिंगच नव्हतं. त्या संध्याकाळी आरसीसीबी काढून दिवे लावले असते तर दिवे लागले असते, छान लागले असते. पुढे कधी फेजची तार खांबाला आतून टेकली असती, तर ना काही पडलं असतं, ना कुणाला कळलं असतं, खांबाला सायकल टेकवेपर्यंत.

जमिनीत परत जोड द्यायला तुम्ही तयार झाला नाहीत, तो पूर्ण तुकडाच नवीन आर्मर्ड (पोलादी कवचाच्या) केबलचा टाकलात. अडीच फूट चर, खाली वाळू, वर वाळू, विटा, त्यावर लाल पट्टी. माती ओढेल म्हणून दोन्ही टोकांना ढिलाई. सगळे जोड खांबाच्या आत, जमिनीपासून वर. मग दिवे न जोडता परत सगळं तपासलंत: शेवटच्या खांबापर्यंत अर्थ पोचतो का, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, आणि मेगरनंतर केबल डिस्चार्ज केली. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा एमसीबी बसवला. बाहेरची आरसीसीबी वेगळी केली, त्यामुळे बाहेर काही झालं तरी आत वाचणाऱ्या पोरींचा पंखा थांबत नाही. शेवटी यंत्र लावून ती किती वेळात पडते ते मोजलंत. 300 मिलिसेकंद चालतात, ती त्याच्या कितीतरी आत पडली.

आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण दाबायचं काम पोरींनी वाटून घेतलंय आणि वही बोर्डाशेजारी टांगली आहे. त्या बटणानं आरसीसीबी तपासली जाते, अर्थिंग नाही, हे तुमचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर आहे. अर्थिंगची तपासणी पुढच्या उन्हाळ्यात, माती कोरडी असताना तुम्हीच करायची, असं अभ्यासिकेच्या मंडळानं ठरवलंय. परवानाधारक माणसाखेरीज बोर्ड कुणी उघडायचा नाही, हेही.

बोर्डाच्या झाकणाच्या आत तुम्ही काढलेला केबलचा नकाशा मी प्लास्टिकमध्ये घालून चिकटवला आहे. पुढचा जेसीबीवाला आला की आधी तो पाहील, मग फाटकातून आत येईल.

आता बिलाचं. तुमच्या बिलात वाळू आणि विटा नाहीत. वाळूवाल्यानं पैसे तुमच्याकडून घेतल्याचं मला सांगितलंय. ते धरून नवीन बिल पाठवा, जुनं मी मंजूर करणार नाही.

आपली,
अभ्यासिकेची ताई