बाईला का कापले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कोरो या फ्रेंच चित्रकाराचे ‘मोर्तफोंतेनची आठवण’ हे चित्र दिसले आणि चहा तसाच राहिला. पण डावी बाजू कापून तिथे सोफासेटची जाहिरात बसवलीत. उरले काय, तर एक झाड आणि तळे. खाली ओळ : ‘फ्रान्समधील रम्य वनश्री’. अहो, त्यात माणसे होती!

डावीकडे एक काटकुळे, विरळ पानांचे झाड आहे. तांबूस कपड्यातली एक बाई हात उंचावून त्याच्या फांदीशी काहीतरी करते आहे, जवळ दोन मुले. उजवीकडचा अवाढव्य वृक्ष तळ्यावर असा झुकलाय, की ही तिघे नसली तर सगळे चित्र एका अंगाला कलंडते. चादरीचा एक काठ कापून टाकल्यावर तिला कोणी चादर म्हणेल का?

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यांसाठी 34 वर्षे जकार्डची, म्हणजे भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणाऱ्या मागाची, डिझाइने काढली. 1991 मध्ये एका मालकांनी कॅलेंडरवरचे हेच चित्र पुढे ठेवले आणि भिंतीवर टांगायला विणून मागितले. ग्राफ पेपरवर महिना घालवला. पुठ्ठ्यावर एक तर भोक पाडायचे, नाहीतर नाही. मधले काही नसते. कोरोचे सगळे काम मधलेच! हिरव्याचा राखाडी कधी झाला आणि राखाडीचे पाणी कधी, कळतच नाही. आमच्या मागावर ते धुके पोपडे धरलेल्या भिंतीसारखे उतरले. मालक हसून म्हणाले, ‘‘मास्तर, तळ्यापेक्षा बाई बरी आली.’’ खरेच होते. तेवढा तांबडा ठिपकाच काय तो टिकला होता. नेमका तोच आपण कापलात.

आणखी एक. हे चित्र तळ्याकाठी बसून रंगवले, असे सोबतच्या मजकुरात आहे. मग नावात ‘आठवण’ कशाला? पॅरिसजवळच्या मोर्तफोंतेन गावी कोरो पूर्वी जाऊन आला होता. हे चित्र त्याने नंतर स्टुडिओत, आठवणीतून केले. 1864 च्या पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात ते लागले, तेव्हा तो 67 वर्षांचा होता. फ्रान्सचा तेव्हाचा सम्राट तिसरा नेपोलियन याने ते विकत घेतले. आकार 65 बाय 89 सेंटीमीटर, म्हणजे आपला 30 बाय 60 इंची टॉवेल मधोमध दुमडला की क्षेत्रफळाने साधारण तेवढाच.

टॉवेल उगाच आठवला नाही. हा कोरो आधी कापडाच्या दुकानात उमेदवारी करत होता. आईचा बायकांच्या टोप्यांचा धंदा. 26 व्या वर्षाच्या आसपास वडिलांनी हात टेकले आणि वर्षाला 1500 फ्रँक देऊ केले, तेव्हा कुठे तो पूर्णवेळ चित्रांकडे वळला. ज्या जकार्डवर आपले शहर पोट भरते, तेही फ्रान्समधल्या लिआँचे. सोलापूरच्या पेपरात हे दोन शब्दांत तरी यायला हवे होते.

कृपया चित्र पुन्हा, पूर्ण छापावे. सोफासेट खाली सरकवता येईल. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. चांगली प्रत मिळत नसेल तर कॅलेंडरचे ते पान अजून माझ्या ट्रंकेत आहे. कार्यालयात आणून देतो. फक्त परत मिळावे.

आपला,
एक निवृत्त जकार्ड डिझायनर,
साखर पेठ, सोलापूर